धरणाचं प्रगतिपुस्तक

पावसाळा सरत आला, की आपल्या वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत एक छोटीशी चौकट दिसू लागते. काटेपूर्णा इतके टक्के, वान इतके टक्के, ऊर्ध्व वर्धा इतके टक्के! घरातली मोठी माणसं ती चौकट क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचतात. आकडा शंभराच्या जवळ गेला, की म्हणतात, "चला, यंदा धरण भरलं. रब्बीची काळजी मिटली."

मिटली का खरंच?

दोस्तांनो, वार्षिक परीक्षेत शंभर टक्के मिळाले तर खुशाल पेढे वाटा. पण धरणाचे शंभर टक्के वेगळे. ते म्हणजे शाळा उघडताना नव्याकोऱ्या वह्या-पुस्तकांनी गच्च भरलेलं दप्तर. दप्तर भरलं, छान झालं. अभ्यास अजून व्हायचाच आहे! धरणाचा अभ्यास सुरू होतो दिवाळीच्या आगेमागे, कालव्यात पाणी सोडल्यावर. आणि त्याचा निकाल लागतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, धरणापासून लांब, कुठल्या तरी आडबाजूच्या वावरात.

हा निकाल लावायचा कसा, याचंही एक शास्त्र आहे बरं का. पण त्याआधी आपल्या विद्यार्थ्यांची ओळख करून घेऊ.

अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळी तालुक्यात महान नावाचं गाव आहे. तिथं काटेपूर्णा नदीवर धरण आहे. ही नदी उगम पावते वाशीम जिल्ह्यातल्या काटा गावाजवळ. म्हणजे पाऊस पडतो वाशीमकडे आणि आनंद होतो अकोल्यात! तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी गावाजवळ वान नदीवर दुसरं धरण. त्याच्या जलाशयाला 'हनुमान सागर' म्हणतात. आणि अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर तेरा दरवाजांचं ऊर्ध्व वर्धा धरण. त्याचा जलाशय म्हणजे 'नल-दमयंती सागर'. दरवाजे उघडतात त्या दिवशी तिथं जत्रेसारखी गर्दी होते.

आता टक्क्यांची गंमत पाहा. काटेपूर्णात वापरण्याजोगं पाणी मावतं सुमारे ८६ दलघमी. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, अर्थात शंभर कोटी लिटर. ऊर्ध्व वर्धात तसंच वापरण्याजोगं पाणी मावतं सुमारे ५६४ दलघमी. म्हणजे ऊर्ध्व वर्धा निम्मंच भरलं, तरी त्यात तुडुंब भरलेल्या काटेपूर्णाच्या तिपटीहून जास्त पाणी असतं. नुसते टक्के वाचणाऱ्याला हे कळायचं नाही.

आता पाण्याबरोबर थोडं चालू या. धरणातून पाणी मुख्य कालव्यात येतं, तिथून वितरिकेत, वितरिकेतून लघुकालव्यात, मग शेतचारीत आणि शेवटी वावरात. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं आहेत ते वरचे, आणि टोकाला ज्यांची शेतं आहेत ते शेवटचे. इंजिनीअर मंडळी या शेवटाला 'टेल' म्हणतात. आता गावातले शेतकरीही सर्रास तसंच म्हणतात.

समजा, तुमचं वावर टेलला आहे. हरभरा फुलोऱ्यात आलाय. बाबा रोज संध्याकाळी सायकल काढून चारीवर जातात. पाणी वाटणारा पाटकरी भेटतो.

"पाटकरीभाऊ, आमच्या धुऱ्यावर पाणी कवा येते जी?"

"येते ना दादा. वरच्यायचं झालं का येते."

"मांगच्या पाळीलेबी हेच म्हनलं होतं राजेहो!"

पाटकरी तरी काय करणार? त्याच्या हाती जेवढं पाणी येतं, तेवढंच तो पुढे सोडणार. वर कोणी गहू पेरला असेल, तर तो जास्त पाणी मागतो. कुठे चारी फुटलेली असते, कुठे गवत माजलेलं, कुठे रात्री पाणी सोडून सगळे झोपी गेलेले, आणि पाणी आपलं खुशाल नाल्यात! या सगळ्यातून उरलंसुरलं पाणी टेलला पोचतं. हरभऱ्याला घाटे भरताना पाणी हवं असतं, ते पंधरा दिवस उशिरा आलं तर त्याचा उपयोग तो काय? कागदावर मात्र 'पाणी दिले' अशी नोंद होते.

म्हणून प्रगतिपुस्तकातला पहिला विषय: पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचलं का, आणि वेळेवर पोचलं का? माझ्या मते हा विषय सगळ्यांत महत्त्वाचा. यात नापास झालेल्या धरणाला बाकी विषयांत कितीही गुण मिळाले, तरी वरच्या वर्गात ढकलू नये!

पाणी पोचलं हे डोळ्यांनी दिसतं. किती पोचलं हे मात्र मोजावं लागतं. कालव्यांवर त्यासाठी खास अरुंद केलेले सिमेंटचे भाग आणि त्यांच्या कडेला पट्टी रंगवलेली असते. पाण्याची उंची पट्टीवर वाचायची, की तक्त्यावरून प्रवाह कळतो. पट्टी पुसट झाली, की अंदाजपंचे काम सुरू. पण तुम्हाला एखाद्या लहानशा चारीत पाणी मोजायचं असेल, तर एक सोपी युक्ती आहे. त्यासाठी लागतं एक घड्याळ, एक टेप आणि एक संत्रं. हो, संत्रं! ते पाण्यात बहुतेक बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने फारसं भरकटत नाही. शिवाय मोर्शी-वरूडकडे त्याला तोटा नाही. (एक ताकीद: हा प्रयोग गुडघ्याखाली पाणी असलेल्या छोट्या चारीतच, आणि मोठं माणूस सोबत असतानाच. मुख्य कालव्याच्या काठाशी अजिबात जायचं नाही. त्याच्या तिरक्या, शेवाळलेल्या भिंतीवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.)

चारीचा दहा मीटरचा सरळ भाग निवडा. दोन्ही टोकांना काटक्या रोवा. वर संत्रं सोडा आणि पहिल्या काटकीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते पाहा. समजा, २५ सेकंद लागले. म्हणजे वेग झाला सेकंदाला ०.४ मीटर. पण पाणी वर जोरात आणि तळाशी हळू वाहतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं: ०.३४ मीटर. चारीतलं पाणी ६० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर खोल आहे, म्हणजे क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर. दोहोंचा गुणाकार केला, की आलं सेकंदाला ०.०५१ घनमीटर. सोप्या भाषेत, दर सेकंदाला ५० लिटर पाणी.

एका हेक्टरला एका पाळीत ६ सेंटिमीटर जाडीचं पाणी द्यायचं असेल, तर ६०० घनमीटर लागतात. ५० लिटरच्या धारेनं हे काम होतं ३ तास २० मिनिटांत.

आता हाच प्रयोग चारीच्या शेवटी करा. तिथे धार भरली सेकंदाला २० लिटर. त्याच एका हेक्टरला आता लागणार ८ तास २० मिनिटं!

इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे शेजपाळीची पद्धत आहे. शेजारी-शेजारी क्रमाने, ज्याच्या त्याच्या शेताच्या हिशेबाने तास ठरवून पाणी द्यायचं. ऐकायला किती न्याय्य वाटतं ना? सगळ्यांना सारखे तास! पण वरच्या शेताला ३ तास २० मिनिटांत ६०० घनमीटर मिळाले आणि टेलच्या शेताला तेवढ्याच वेळात फक्त २४० घनमीटर. घड्याळ सारखं चाललं, पाणी सारखं मिळालं नाही. आणि पाणीपट्टी? ती हेक्टरवर आणि पिकावर आकारली, तर दोघांनाही सारखीच! म्हणूनच जाणकार सांगतात, की पाणी तासावर किंवा एकरावर न देता घनमीटरवर मोजून द्या.

दुसरा विषय हिशेबाचा. धरणातल्या एक दलघमी पाण्यात किती हेक्टर भिजायला हवेत? महाराष्ट्रात यासाठी १३० हेक्टर हे माप धरण्याची पद्धत पडली. भागाकार करून पाहा: दहा लाख भागिले १३०, म्हणजे हेक्टरी साधारण ७,७०० घनमीटर, कालव्याच्या मुखाशी मोजलेलं. एवढं पाणी एका हेक्टरवर सपाट पसरलं, तर ७७ सेंटिमीटर उंच थर होईल. सातवीतल्या मुलाच्या जवळजवळ कमरेपर्यंत! अकोल्यात वर्षभरात पडणारा सगळा पाऊस गोळा केला, तरी थर साधारण एवढाच भरतो.

आता गव्हाला शेतात लागतं किती? पाच-सहा पाळ्या, मिळून ३५ ते ४० सेंटिमीटर. मग उरलेलं कुठं गेलं? थोडं उन्हानं उडालं, बरंच कालव्याच्या आणि चाऱ्यांच्या तळातून झिरपलं, काही शेतात गरजेपेक्षा जास्त दिल्यामुळे मुळांच्या खाली गेलं. आपल्याच कालव्यांत असं होतं असं समजू नका. देशभरातल्या कालव्यांचा विचार केला, तर सोडलेल्या पाण्यापैकी पिकाच्या कामी येणारा वाटा साधारण ३५ ते ४० टक्केच आहे, असं सरकारी कागदपत्रांतच म्हटलेलं असतं. शंभरातले पस्तीस, म्हणजे जेमतेम पास!

यातून आणखी एक मजेदार हिशेब निघतो. समजा, हेक्टरी २० क्विंटल गहू झाला. त्यासाठी कालव्यातून ७,७०० घनमीटर पाणी सुटलं. तर एका घनमीटरला, म्हणजे मोठ्या पाच ड्रम पाण्याला, गहू पडला पाव किलोच्या आसपास. त्याच्या होतील सात-आठ पोळ्या. पाच ड्रमांत सात-आठ पोळ्या! हेच पाणी हरभऱ्याला दिलं, तर दोन पाळ्यांत भागतं आणि कितीतरी जास्त वावरं भिजतात.

पण थांबा. एखाद्या धरणानं हेक्टरी ७,७०० ऐवजी ४,००० घनमीटरमध्येच काम भागवलं, तर त्याला शाबासकी द्यायची का? घाई करू नका. कदाचित त्यांनी खरंच काटकसर केली असेल. किंवा दोनच पाळ्या देऊन कालवा बंद केला असेल आणि गहू उभ्याउभ्या वाळला असेल! म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नसतं. किती पाणी, किती हेक्टर, किती धान्य, किती खर्च आणि किती पाणीपट्टी वसूल झाली, हे सगळं शेजारी-शेजारी मांडावं लागतं.

महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यानं २००१-०२ या वर्षापासून असे आकडे मांडायला सुरुवात केली. एका प्रकल्पाची तुलना त्याच्याच जातीच्या दुसऱ्या प्रकल्पाशी, आणि त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षांशी करायची. याला सरकारी मराठीत नाव मिळालं 'स्थिरचिन्हांकन'. (हा शब्द एका दमात तीनदा म्हणून दाखवा पाहू!) एखाद्या राज्यानं आपल्याच धरणांचं प्रगतिपुस्तक छापून काढावं, ही त्या वेळी देशात नवलाईची गोष्ट होती. त्यात एक रकाना खास टेलचा. वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागात किती भिजलं, ते वेगवेगळं लिहायचं. वरचा आकडा मोठा आणि खालचा छोटा दिसला, की समजावं, पाटकरीभाऊच्या त्या चारीवर काहीतरी बिघडलंय.

पण आकडे लिहिणारा आणि ज्याला गुण द्यायचे तो, दोघं एकाच खात्यातले असले तर? तुमचा पेपर तुम्हीच तपासला तर काय होईल, ते तुम्हाला चांगलंच ठाऊक आहे. त्यावर एक तोड आकाशात आहे. १७ मार्च १९८८ रोजी भारतानं आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह सोडला. हिरवी पानं डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे असे उपग्रह पिकाची जमीन आणि पडीक जमीन वेगळी ओळखतात. जानेवारीतलं चित्र घेतलं, की कालव्याखाली हिरवाई कुठवर पोचली ते दिसतं. उपग्रहाला ना वरचा ओळखीचा, ना खालचा! तरी त्यालाही सगळं कळत नाही. दिसलेलं हिरवं विहिरीच्या पाण्याचं असेल, किंवा काळ्या जमिनीतल्या नुसत्या ओलाव्यावर आलेला हरभराही असेल. त्यासाठी पुन्हा वावरात जाऊन विचारावंच लागतं.

मोठ्या माणसांमध्येही या आकड्यांवरून वाद होतात. 'सिंचनक्षमता निर्माण झाली' म्हणजे कालवा बांधून तयार झाला. 'प्रत्यक्ष सिंचन झालं' म्हणजे वावर भिजलं. या दोन आकड्यांतल्या अंतरावरून विधानसभेत वादळं उठली आणि २०१२ मध्ये सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली.

गुण देताना अन्यायही करायचा नाही हं. २०१७ मध्ये पावसानं दगा दिला. काटेपूर्णात इतकं कमी पाणी साठलं, की ते अकोला शहराच्या पिण्यासाठी राखून ठेवावं लागलं. त्या वर्षी कालवा कोरडा राहिला, यात कालव्याचा काय दोष? अकोल्याच्या नळाचं पाणी महानहून येतं, अमरावतीचं सिंभोऱ्याहून. खांबोऱ्याच्या ६४ खेडी योजनेला काटेपूर्णा पाणी पाजते आणि अकोट-तेल्हाऱ्याच्या ८४ खेड्यांना वान. २०१० च्या सुमारास ऊर्ध्व वर्धाचं पाणी वीज प्रकल्पाला द्यायचं ठरलं, तेव्हा अमरावतीत शेतकऱ्यांची मोठी आंदोलनं झाली. एकाच ताटात जेवणारे वाढले, तर प्रत्येकाच्या वाटणीला काय आलं, हेही प्रगतिपुस्तकात लिहायला नको का?

पिण्याचं पाणी एवढ्या लांबून का आणतात, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर... इथल्या कितीतरी गावांत विहीर खोदली तर पाणी लागतं, पण खारट! ते पिता येत नाही आणि पिकाला देता येत नाही. जमीन मात्र अशी काळीभोर आणि खोल, की उन्हाळ्यात तिच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो.

मग अशा जमिनीला कालव्याचं गोड पाणी मिळालं तर सोन्याहून पिवळं, नाही का? मिळालं तर चांगलंच, पण मापात. ही चिकण माती पाणी खाली लवकर जाऊ देत नाही. भरमसाट पाणी दिलं, की ते मुळांपाशी तुंबतं. खालचे क्षार त्यात विरघळतात आणि पाणी उन्हानं वर ओढलं गेलं, की क्षारही त्याच्याबरोबर वर येतात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. काही वर्षांनी जमिनीवर पांढुरका थर दिसू लागतो आणि बी उगवेनासं होतं. पश्चिम महाराष्ट्रात हे घडून गेलंय. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि काही दशकांतच त्याच्याखालच्या चांगल्या चांगल्या जमिनी चिबड आणि खारपड होऊ लागल्या. पाणी कमी पडून नव्हे, जास्त झाल्यानं!

आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या मातीचा अभ्यास अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची मृदा सर्वेक्षण संस्था यांनी केलाय. त्यातून निघालेली गोष्ट साधी आहे. इथे सहा पाळ्यांचा हट्ट नको, नेमक्या वेळेला एक-दोन पाळ्या पुरेत. त्याही तुषार किंवा ठिबकनं दिल्या तर उत्तम. जास्तीचं पाणी निघून जायला शेताला चर हवेत, आणि पावसाचं गोड पाणी शेततळ्यात साठवायला हवं. म्हणजे इतर ठिकाणी 'पाणी पोचलं का?' एवढं विचारून भागतं, पण खारपाणपट्ट्यात 'जमीन बिघडली तर नाही ना?' हेही दरवर्षी विचारावं लागतं. प्रगतिपुस्तकात त्याचाही रकाना आहे. दुर्दैवानं तो पाहणारे फार थोडे. पीक एका हंगामाचं बुडालं तर पुढच्या हंगामात भरून काढता येतं. खारपड झालेली जमीन सुधारायला वर्षानुवर्षं लागतात.

या परीक्षेत चांगले गुण मिळवलेला कोणी आहे की नाही? आहे ना! नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड नावाचं धरण आहे. तिथंही टेलला पाणी पोचत नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास टेलच्याच शेतकऱ्यांना एकत्र करून पाणीवापर संस्था काढल्या. संस्थेनं खात्याकडून पाणी घनमीटरवर मोजून घ्यायचं, पाणीपट्टी तशीच भरायची, आणि आत कोणाला किती द्यायचं ते शेतकऱ्यांनीच ठरवायचं. मोजून घेतलेलं पाणी कोणी नाल्यात सोडत नाही! हळूहळू सगळ्या धरणाच्याच पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला.

पुढे २००५ मध्ये महाराष्ट्रानं यासाठी कायदाच केला. काटेपूर्णावरही अशा पाणीवापर संस्था निघाल्या. तुमच्या गावात अशी संस्था असेल, तर एखाद्या रविवारी बाबांबरोबर तिच्या सभेला जा आणि संचालकांच्या नावांची यादी पाहा. कायद्याप्रमाणे त्यात वरच्या भागातले, मधल्या भागातले आणि टेलचे असे तिन्हीकडचे शेतकरी असायला हवेत. टेलचे संचालक कोण, त्यांना ओळखून ठेवा. आणि यंदा त्यांच्या वावरात पाणी कोणत्या तारखेला पोचलं, ते आधी त्यांनाच विचारा.